‘तमस’, एक विहीर आणि एक केसपेपर

दूरदर्शनची एकच वाहिनी घरोघरी दिसत असे, त्या काळात साऱ्या शहराला जणू एक सामाईक वेळापत्रक होते. रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले की आपल्या इंदुरातले रस्ते ओस पडत, आणि आम्ही डॉक्टर मंडळीही त्या वेळेत दवाखाना उघडण्याच्या फंदात पडत नसू. १९८८च्या जानेवारीत या वेळापत्रकात शनिवारच्या रात्रीची भर पडली. गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका तेव्हा सुरू झाली. शनिवारी रात्री फाळणी आणि रविवारी सकाळी रामराज्य, असा तो विलक्षण क्रम होता.

कादंबऱ्यांतील व त्यांवरून केलेल्या चित्रपटांतील हिंसेचा मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञाला हमखास विचारला जातो. व्याख्यानात विचारला जातो, लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. त्याचे सरधोपट उत्तर मला कधीच देता आले नाही, आणि याचे कारण त्या जानेवारीत माझ्यासमोर आलेले एक कुटुंब आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जे घडले ते बदललेले नाही.

मालिकेचे दोन-तीन भाग होऊन गेले होते. एके सकाळी एक शीख गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. वय साठीच्या पुढचे. घरात त्यांना बीजी म्हणत. मीही येथे तसेच म्हणतो. कुटुंब मूळचे रावळपिंडी जिल्ह्यातले, फाळणीत आलेले. चाळीस वर्षे बाईंनी घर सांभाळले, मुले वाढवली, गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटल्या. १९८४च्या नोव्हेंबरातले दिवस इंदुरातल्या शीख घरांनी कसे काढले, हे येथील जुन्या मंडळींना सांगायला नको. त्या दिवसांतही बीजी डगमगल्या नव्हत्या. उलट सुनेला धीर देत होत्या, असे मुलाने सांगितले. आणि आता ही मालिका लागल्यापासून त्यांची झोप उडाली होती. रात्री उठून त्या दाराच्या कड्या तपासत, एका चादरीत कपडे आणि थोडे पीठ बांधून ठेवत, सकाळी सुनेने ते गाठोडे सोडले की काही न बोलता पुन्हा बांधत.

मी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी मानेनेच उत्तरे दिली. तपासणी संपत आली असता मात्र त्यांनी एकच वाक्य उच्चारले. ज्याने हे लिहिले आहे त्याला विहिरीचे ठाऊक आहे का, असे त्यांनी मला विचारले. मुलाने ओशाळून माझ्याकडे पाहिले. मी झोपेचे व चिंताशामक औषध लिहिले, मालिका बंद ठेवण्यास सांगितले, आणि आठ दिवसांनी बोलावले. आठ दिवसांनी बीजी बऱ्याच शांत होत्या. मुलगा समाधानी होता. मीही होतो.

येथे ‘तमस’विषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी ती वाचली वा पाहिली नसेल. भीष्म साहनी यांचा जन्म १९१५ साली रावळपिंडीत झाला. फाळणीपूर्वीची तेथील दंगल त्यांनी काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून जवळून पाहिली. परंतु त्यावर लिहायला त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि लिहिण्याचे निमित्त घडले ते महाराष्ट्रात. १९७०च्या भिवंडी दंगलीनंतर बंधू बलराज साहनी यांच्यासोबत ते तेथे गेले होते. जळालेली घरे, बंद पडलेले माग आणि सुन्या गल्ल्या पाहताना त्यांना रावळपिंडी आठवली, आणि दिल्लीला परतल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. १९७४ साली कादंबरी प्रसिद्ध झाली व १९७५चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. निहलानी यांचा जन्मही कराचीचा. फाळणीत त्यांचेही कुटुंब विस्थापित झाले. म्हणजे ही कथा सांगणारे दोघेही एका अर्थी आपल्याच जखमेवरचा बोळा काढून पाहत होते. इतकेच नव्हे, तर घरदार सोडून पत्नीसह रातोरात निघालेल्या वृद्ध हरनामसिंगाची भूमिका मालिकेत स्वतः साहनींनीच केली. दीना पाठक त्यात त्यांच्या पत्नी बंतो झाल्या.

कथेची सुरुवात अंधाऱ्या कोठडीत होते. नथ्थू नावाचा चर्मकार एका डुकराला मारण्याची धडपड करतो आहे. मुरादअली नावाच्या माणसाने त्याला पाच रुपये दिले आहेत, आणि पशुवैद्याला डॉक्टरी कामासाठी मेलेले डुक्कर हवे आहे, असे कारण सांगितले आहे. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. साऱ्या शहराला आग लावणारी पहिली थाप वैद्यकाच्या नावाने मारलेली आहे, याकडे आपल्या व्यवसायातल्या किती वाचकांचे लक्ष जाते कोण जाणे.

मालिकेवर गदारोळ झाला. ती दाखवल्यास समाजात तेढ वाढेल, पुन्हा दंगली होतील, असे म्हणत काही मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एका न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली. मग न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने स्वतः चित्रपट पाहिला आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथेही फेब्रुवारी १९८८मध्ये याचिका फेटाळली गेली. या निकालात आम्हा वैद्यकीय लोकांनी लक्ष द्यावे असे दोन धागे आहेत, आणि दोहोंचा संबंध नागपूरशी आहे.

पहिला धागा न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा. नागपूर उच्च न्यायालयात असताना त्यांनी एका खटल्यात असा निकष घालून दिला होता, की शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर व धीट माणसावर काय परिणाम होईल यावरून. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसावरून नव्हे. ‘तमस’ला हाच निकष लावला गेला. दुसरा धागा न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा. तेही पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लघुपटाविषयीच्या निकालात त्यांनी म्हटले होते की चलच्चित्र इतर कोणत्याही कलेपेक्षा भावना अधिक खोलवर ढवळते, आणि मुलांवर त्याचा परिणाम विशेष होतो.

न्यायालयाने दिलेला निर्णय योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सर्वांत दुबळ्या माणसाच्या मापाने साहित्य बेतायचे ठरवले तर ‘महाभारता’चे सौप्तिक पर्वही छापता येणार नाही. पण कायद्याचा तो खंबीर, धीट माणूस माझ्या बाह्यरुग्ण विभागात कधी येत नाही. तेथे येतात ते बीजींसारखे. कायदा समाजासाठी माप ठरवतो. आम्हाला एकेका माणसाचा डोस ठरवावा लागतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि वर्तमानपत्री चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते.

डोस हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कादंबरी वाचणारा माणूस आपला डोस स्वतः ठरवतो. नथ्थूच्या कोठडीतला तो दीर्घ प्रसंग वाचताना मी तीनदा पुस्तक मिटल्याचे आठवते. वाचक पान उलटतो, दोन ओळी गाळतो, उठून पाणी पितो. रक्त किती लाल दाखवायचे हेही त्याची कल्पनाशक्तीच ठरवते, आणि ती सहसा आपल्याला झेपेल तेवढेच दाखवते. चित्रपट ही मुभा देत नाही. त्याची गती दिग्दर्शकाची असते. डोळे मिटले तरी कान उघडे राहतात. ‘तमस’च्या शीर्षकांसोबत येणारा, वनराज भाटियांनी योजलेला तो आर्त स्वर शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही ऐकू जाई. बीजी मालिका पाहत नव्हत्याच, ऐकत होत्या, हे मला त्यांच्या सुनेकडून फार उशिरा कळले.

पाश्चात्त्य वैद्यकीय वाङ्मयात याचे एक बोलके उदाहरण आहे. विल्यम पीटर ब्लॅटी यांची ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ साली आली आणि लाखो लोकांनी वाचली. तिच्यावरचा चित्रपट १९७३च्या अखेरीस प्रदर्शित झाला, आणि १९७५मध्ये बोझुटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने तो पाहून आजारी पडलेल्या चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या स्थितीला त्याने ‘चित्रपटजन्य मनोविकार’ अशा अर्थाचे नाव दिले. चार रुग्णांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. परंतु असे रुग्ण पाहणाऱ्याला एक गोष्ट जाणवते: चित्रपट सहसा नवी भीती निर्माण करत नाही, आत दडलेल्या भीतीला तो चेहरा देतो.

आता बीजींच्या नातवाविषयी. तो नऊ वर्षांचा होता, आणि त्याला कोणी रुग्ण म्हणून आणलेच नव्हते. दुसऱ्या भेटीच्या शेवटी, दारात चपला घालता घालता, सून सहज बोलून गेली की या मुलाचेही काहीतरी बिनसले आहे. शेजाऱ्यांची कोंबडी बगलेत धरून आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन तो गच्चीवर सापडला होता. (आपल्या व्यवसायात खरी तक्रार बहुधा दारातच सांगितली जाते.)

‘तमस’ वाचलेल्यांना उलगडा झाला असेल. कादंबरीत रणवीर नावाचा एक शाळकरी मुलगा आहे. मास्तर देवव्रत त्याला युवकांच्या टोळीत घेण्यापूर्वी परीक्षा म्हणून कोंबडी कापायला लावतात. मुलाला भोवळ येते, तो ओकतो. मास्तर त्याच्या थोबाडीत मारतात, मग समजावतात, मग पुन्हा सुरी हातात देतात. अखेर जमते, आणि त्याच्या कपाळी रक्ताचा टिळा लावला जातो. पुढे याच टोळीतला एक पोर गल्लीतून चाललेल्या वृद्ध अत्तरविक्याला, त्याच्याशी गोड बोलत बोलत चालणाऱ्या त्या निरुपद्रवी म्हाताऱ्याला, भोसकतो. संवेदना टप्प्याटप्प्याने बोथट कशी केली जाते, याचे इतके अचूक वर्णन मी मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात वाचलेले नाही. किळस ही निसर्गाने बसवलेली कडी आहे; ती आधी मोडावी लागते.

अल्बर्ट बांदुरा यांचे प्रयोग आपल्याला शिकवले गेले आहेत. १९६१मध्ये त्यांनी लहान मुलांना मोठ्या माणसाने हवेच्या बाहुल्याला बडवताना दाखवले; १९६३मध्ये तेच फिल्मवर दाखवले, आणि फिल्म पाहणाऱ्या मुलांनीही तितक्याच उत्साहाने बाहुल्याला बडवले. त्या मालिकेतला १९६५चा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या मुलांनी मारणाऱ्याला शिक्षा होताना पाहिली, त्यांनी अनुकरण कमी केले. पण बक्षीस देऊ करताच त्यांनीही सारे हावभाव हुबेहूब करून दाखवले. म्हणजे शिकणे सर्वांचेच झाले होते. करणे मात्र भोवतालच्या माणसांवर अवलंबून राहिले. बाहुल्याला मारणे आणि माणसाला मारणे यांत फार अंतर आहे, आणि पडद्यावरील हिंसेमुळे प्रत्यक्ष गुन्हे वाढतात का यावर संशोधकांत आजही कडाक्याचे मतभेद आहेत. परिणाम असलाच तर तो लहान आहे, आणि घरातली मारहाण, दारू व एकटेपणा यांच्या तुलनेत तर फारच लहान, असे माझे मत बनले आहे.

त्या मुलाला मी आत बोलावले आणि कोंबडीचे काय करणार होतास असे न विचारता, टीव्हीतल्या त्या मुलाला कसे वाटले असेल असे विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, त्याला ते करायचे नव्हते, त्याला भीती वाटत होती. आणि तुला? मलाही, तो म्हणाला, आणि रडू लागला. त्याच्या वडिलांना मी सांगितले की मुलाला ओरडू नका. पुढचा भाग बघायचाच असेल तर त्याच्या शेजारी बसून बघा आणि नंतर त्याच्याशी बोला. पण घरात मालिका बंद ठेवण्याचा सल्लाही माझाच होता, तेव्हा तो प्रश्नच उरला नाही.

नातवाला मी प्रश्न विचारला आणि आजीला विचारला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षातही आले नाही. मुलाकडून गोष्ट काढून घ्यायची असते हे मला ठाऊक होते. साठीच्या बाईंकडून लक्षणे तेवढी काढून घेतली. आघातोत्तर ताणविकृती हे निदान अमेरिकन वर्गीकरणात १९८०पासून होते. परंतु व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा आजार म्हणून आम्ही ते परीक्षेपुरते वाचले होते. रावळपिंडीहून आलेल्या आजीला तो चाळीस वर्षांनंतर होऊ शकतो, हे सुचण्याइतकी माझी नजर तयार नव्हती.

आज या वर्गीकरणात एक नेमके कलम आहे. २०१३ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीनुसार केवळ चित्रपट, दूरदर्शन वा छायाचित्रे पाहिल्याने या विकाराचे निदान करता येत नाही. अपवाद फक्त कामाचा भाग म्हणून ती पाहावी लागणाऱ्यांचा. काल्पनिक कथेच्या बाबतीत हे मला रास्त वाटते. पण पुढच्याच वर्षी बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा वा अधिक तास त्यासंबंधीची दृश्ये व बातम्या पाहणाऱ्यांत, प्रत्यक्ष तेथे हजर असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणलक्षणे आढळली. तेव्हा कलमाची रेघ कागदावर आहे तितकी मनात स्पष्ट नसते. बीजींच्या बाबतीत तर ती रेघ लागूच होत नव्हती. त्यांचा आघात पडद्यावरचा नव्हता. पडद्याने त्याची कडी काढली होती एवढेच.

कडी निघाल्यावर काय करायचे, हा खरा प्रश्न. ‘बोलते करा म्हणजे मोकळे होतील’ हा उपदेशही मी आंधळेपणाने देणार नाही. आघात झाल्याबरोबर एकाच बैठकीत सर्वांना सक्तीने बोलायला लावण्याने पुढचा विकार टळत नाही, हे नंतरच्या चाचण्यांच्या आढाव्यांतून दिसून आले आहे. जखम उघडायची तर ती रोज धुवायला कोणीतरी हवे. पण येथे मी काही उकरायचे नव्हतेच. बाई स्वतःहून विचारत होत्या.

पुढे सात-आठ वर्षांनी ‘तमस’ कादंबरी माझ्या हाती आली आणि मी ती सलग वाचून काढली. उत्तरार्धात एका खेड्यातल्या गुरुद्वाऱ्यात शीख कुटुंबे अडकलेली आहेत. हल्लेखोर जवळ येतात. जसबीर नावाची तरुण स्त्री पुढे होते, तिच्यामागे इतर बायका, काहींच्या कडेवर मुले. आणि त्या एकामागून एक विहिरीत उड्या घेतात. मार्च १९४७मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावी असे खरोखर घडले होते. नव्वदच्या आसपास स्त्रिया त्या विहिरीत गेल्या.

ते पान वाचून मी जुने केसपेपर काढले. मालिकेतला विहिरीचा प्रसंग नंतरच्या भागात होता. बीजी माझ्याकडे आल्या तेव्हा तो दाखवला गेला नव्हता, आणि दाखवला गेला तेव्हा त्यांच्या घरातला टीव्ही माझ्या सांगण्यावरून बंद होता. मी दूरध्वनी केला. बीजींना जाऊन चार वर्षे झाली होती. झोप मात्र शेवटपर्यंत चांगली लागत होती, असे सुनेने आवर्जून सांगितले, आणि माझे आभार मानले.

२०१३ साली ‘तमस’ एका खासगी वाहिनीवर पुन्हा दाखवली गेली. त्यानंतर एका रात्री त्या नातवाचा फोन आला. आता तो बापमाणूस झाला होता, दुसऱ्या शहरात नोकरीला होता. त्याने या वेळी सारे भाग पाहिले होते. विहिरीच्या प्रसंगानंतर त्याने दिल्लीतल्या एका वृद्ध नातेवाइकाला विचारले, तेव्हा त्याला प्रथमच कळले की बीजींच्या दोन बहिणी अशाच एका विहिरीत गेल्या होत्या, आणि बीजींना कोणीतरी मागे खेचले होते. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते; त्याच्या वडिलांनाही नाही.

आजी तुमच्याकडे आली तेव्हा याविषयी काही बोलली होती का, असे त्याने विचारले. मी त्याला ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्याने विचारले की तो कागद अजून असेल तर मिळेल का. वडिलांची लेखी संमती घेऊन मी केसपेपरची प्रत त्याला पाठवली. ‘विहिरीविषयी विचारते’ असे त्यावर माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि त्यापुढे एकच शब्द: असंबद्ध.